आंतरविद्याशाखीय सामाजिक शास्त्रांची नवी पदवी: अर्ज करण्याआधी नेमकं काय बघायचं?

अबोली_०७:

नमस्कार मंडळी. बारावी कला शाखेतून झाली आहे. विषय अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि इतिहास. गणित दहावीनंतर सुटलं. एका विद्यापीठाने यंदापासून 'बी.ए. (ऑनर्स) आंतरविद्याशाखीय सामाजिक शास्त्रे' अशी चार वर्षांची पदवी सुरू केली आहे आणि तिथे अर्ज करायचा विचार आहे. माहितीपत्रक वाचून काही गोष्टी कळल्या नाहीत.

१) नेहमीच्या बी.ए. समाजशास्त्र किंवा बी.ए. अर्थशास्त्रापेक्षा इथला अभ्यास वेगळा म्हणजे नक्की कसा? पत्रकात 'विषयांच्या भिंती ओलांडून' एवढंच लिहिलंय.
२) पदवीवर एका विषयाचं नाव नसेल तर पुढे एम.ए., नेट (प्राध्यापकी-संशोधनवृत्तीची पात्रता परीक्षा) किंवा नोकरीत अडतं का?
३) पहिलीच तुकडी, त्यामुळे विचारायला माजी विद्यार्थी नाहीत. दर्जा कशावरून ओळखायचा?
४) गणित नसल्याने अडचण येईल का?

अर्जासोबत ५०० शब्दांचं निवेदनही द्यायचं आहे. त्यात काय अपेक्षित असतं तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

नदीकाठ:

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सत्रवार क्रेडिटचा तक्ता मिळवा. पदवीचं खरं रूप तिथे दिसतं.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो अभ्यासक्रम व क्रेडिट आराखडा आणला त्यात चार वर्षांना किमान १६० क्रेडिट आहेत. त्यांची वाटणी अशी: मेजर (मुख्य विषय) ८०, मायनर (जोडविषय) ३२, इतर शाखांचे विषय ९, भाषा ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित विषय ६ ते ८, इंटर्नशिप २ ते ४, आणि 'संशोधनासह ऑनर्स' असेल तर प्रकल्पाचे १२. तीन वर्षांवर थांबलं तर १२०, त्यात मेजर ६० आणि मायनर २४. महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांत याच चौकटीत आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा), ओजेटी (कामाच्या जागी प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, सीईपी (समाजसहभागाचा उपक्रम) असे वेगळे रकाने दिसतील आणि सत्राला २० ते २२ क्रेडिट असतील, म्हणून एकूण आकडा थोडा वर जातो. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. प्रात्यक्षिक, क्षेत्रकार्य किंवा इंटर्नशिप असेल तर ३० तास. म्हणजे ४ क्रेडिटचा वर्गातला पेपर ६० तासांचा होतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. एकाच मेजरच्या पदवीत ते ८० क्रेडिट बहुतांशी एका विषयाचे असतात. ४ क्रेडिटचा एक धरला तर २० पेपर. आंतरविद्याशाखीय पदवीत हेच ८० घटक विषयांत वाटायला आराखडाच परवानगी देतो. पण ते कसे वाटावेत हे विद्यापीठावर सोडलेलं आहे, आणि घोळ होतो तो इथेच. काही ठिकाणी चार विभागांत आधीपासून चालू असलेले पेपर उचलून एका तक्त्यात मांडतात. समाजशास्त्राचा परिचय, सूक्ष्म अर्थशास्त्र, भारतीय राज्यघटना, संपलं. शिकवणाऱ्यांची एकत्र बैठकही होत नाही आणि सगळे दुवे विद्यार्थ्यानेच जोडायचे. खरी आंतरविद्याशाखीय रचना असेल तिथे पहिल्या दोन-तीन सत्रांत घटक विषयांचा पाया घालतात, नंतर एकेका प्रश्नाभोवती बांधलेले पेपर येतात आणि त्यांच्या जोडीने संशोधन पद्धतीचे पेपर सलग चालू राहतात.

ओळखण्याची सोपी जागा म्हणजे पेपरचे कोड. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे सगळे कोड जुन्याच विभागांचे असतील तर नवं फक्त पदवीचं नाव आहे. या पदवीसाठी म्हणून तयार केलेले, स्वतंत्र कोड असलेले पेपर निदान चार-पाच तरी हवेत.

दुसरी जागा म्हणजे अशा एखाद्या पेपरचा आशय. 'स्थलांतर' नावाचा पेपर आहे असं धरू आणि त्यात ऊसतोडीचं स्थलांतर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, हंगाम संपला की परततात. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा मध्यस्थ, हंगामाआधी उचल (रोख रक्कम) देतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरांचं एक एकक, धरतात. अर्थशास्त्र विचारेल की उचल ही आगाऊ मजुरी आहे की कर्ज, आणि अंगावर फिरली (फिटली नाही) तर पुढच्या हंगामाचा दर कोण ठरवतं. समाजशास्त्र विचारेल की हिशेब जोडीवर का, बाईची मजुरी कागदावर वेगळी का दिसत नाही. राज्यशास्त्र विचारेल की कारखाना सहकारी, पण तोडणारा मजूर त्याचा सभासद नाही, मग त्याच्या वतीने बोलतं कोण. हे तीन प्रश्न तीन आठवड्यांत वेगवेगळे शिकवून सोडून दिले तर हाती तीन तुकडे येतात. चांगला पेपर ते प्रश्न एकमेकांवर आपटवतो. उचल हा दोघांनी राजीखुशीने केलेला करार मानला की एक चित्र दिसतं. मुकादम त्याच गावचा, त्याच भावकीतला आहे हे लक्षात घेतलं की 'राजीखुशी' हे गृहीतकच तपासावं लागतं. आशयपत्रात अशी तपासणी दिसते का, वाचनाच्या यादीत एकाच घटकाखाली दोन वेगळ्या विषयांतले लेख आहेत का, हे बघा.

पानगळ:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण प्रत्येक दारावर वेगळा नियम आहे.

यूपीएससी आणि एमपीएससी राज्यसेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. तिथे अडचण नाही. मात्र यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, भूगोल असे सुटे विषय आहेत. 'सामाजिक शास्त्रे' असा एकत्र विषय नाही.

एम.ए.बद्दल: यूजीसीच्या जून २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीचा मेजर कोणताही असो, त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीची प्रवेशपरीक्षा पास झालात तर एम.ए.ला पात्र ठरता. हा आराखडा आहे, प्रत्यक्ष प्रवेश त्या-त्या विद्यापीठाच्या नियमावलीवर होतात. काही नियमावल्यांत अजून 'संबंधित विषयात अमुक क्रेडिट' अशी अट भेटते. म्हणून तुम्हाला जिथे एम.ए. करावंसं वाटतं अशा तीन-चार ठिकाणांची यंदाची प्रवेश नियमावली आत्ताच वाचा. चार वर्षांनी नियम बदललेले असू शकतात, पण कल कळतो. चार वर्षांची पदवी असेल तर एम.ए. एका वर्षाचं करता येतं, तीन वर्षांवर बाहेर पडलात तर दोन वर्षांचं. एक वर्षाचं एम.ए. सगळीकडे नाही, हे गृहीत धरून चला.

नेट आणि पीएच.डी.: २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. २०२४ पासून असे विद्यार्थी नेटलाही बसू शकतात, आणि पीएच.डी. ज्या विषयात करायची तो विषय निवडता येतो, पदवी कशाचीही असो. पण ही पात्रता जेआरएफ (संशोधनवृत्ती) आणि पीएच.डी. प्रवेशापुरती. सहायक प्राध्यापक व्हायचं तर २०१८ च्या नियमांप्रमाणे संबंधित किंवा जवळच्या विषयात ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी लागतेच.

खरी अडचण शाळेच्या नोकरीत येते, आणि ती कुणी आधी सांगत नाही. केंद्रीय विद्यालयात सामाजिक शास्त्राच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीला हवेत, आणि त्यातला एक इतिहास किंवा भूगोल असलाच पाहिजे. तुमच्या पदवीत इतिहास-भूगोल नसतील तर बी.एड. करूनही ते दार बंद राहील. शिक्षक व्हायची थोडी जरी शक्यता मनात असेल तर मायनर इतिहास किंवा भूगोल घ्या.

आणखी एक गोष्ट विद्यापीठाला विचारा: पदवी प्रमाणपत्रावर नेमका मजकूर काय छापला जाणार, आणि मायनरचं नाव प्रमाणपत्रावर येणार की फक्त गुणपत्रिकेत? पडताळणी करणारा कारकून तुमचा अभ्यासक्रम वाचत बसत नाही, तो छापील नाव बघतो.

अबोली_०७:

खूप धन्यवाद. तक्ता मिळाला. मेजरचे ८० असे आहेत: समाजशास्त्र २०, राज्यशास्त्र १६, अर्थशास्त्र १२, मानववंशशास्त्र ८, संशोधन पद्धती ८, आणि 'विषयसूत्र' नावाखाली १६ (स्थलांतर, शहर, पर्यावरण, लिंगभाव, प्रत्येकी ४). मायनर ३२, विद्यापीठातल्या कोणत्याही विभागातून. मला अर्थशास्त्रात एम.ए. करायची इच्छा आहे. हा तक्ता त्यासाठी पुरेसा आहे का?

नदीकाठ:

आकडे मांडल्याबद्दल आभार, आता नेमकं बोलता येईल.

अर्थशास्त्राचे १२ क्रेडिट म्हणजे तीन पेपर, १८० तास. एवढ्यावर अर्थशास्त्राचं एम.ए. झेपणार नाही. सूक्ष्म, समग्र आणि भारतीय अर्थव्यवस्था यातच ते संपतात. अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासणं), सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार यांना जागाच राहत नाही. पण मायनरचे ३२ अर्थशास्त्रात घेता आले तर १२ + ३२ = ४४ होतात, म्हणजे अकरा पेपर. एकाच मेजरच्या विद्यार्थ्याच्या ८० च्या तुलनेत निम्म्याहून थोडे जास्त. त्यात दुसरं सूक्ष्म, दुसरं समग्र, गणितीय पद्धती आणि अर्थमिती हे चार पेपर आलेच पाहिजेत. बाकी तुमच्या आवडीचे.

इथे तीन गोष्टी बिघडू शकतात. पहिली: मेजरमध्ये असलेलाच घटक विषय मायनर म्हणून घ्यायला काही विद्यापीठं परवानगी देत नाहीत. दुसरी: परवानगी आहे, पण अर्थशास्त्र विभाग मायनरवाल्यांना फक्त वेगळे, सोपे केलेले पेपर देतो आणि अर्थमिती मेजरच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतो. तिसरी: दोन्ही विभागांची वेळापत्रकं एकमेकांवर चढतात. मंगळवारी दहा वाजता तुमचा विषयसूत्राचा पेपर आणि त्याच वेळी अर्थमिती असेल तर परवानगी असून उपयोग नाही. तिन्ही प्रश्न विभागप्रमुखांना ईमेलने विचारा आणि उत्तर ईमेलनेच घ्या. तोंडी 'होईल, होईल' यावर चार वर्षं लावू नका.

हाच तक्ता समाजशास्त्राच्या एम.ए.साठी पाहिला तर चित्र बरंच वेगळं आहे. २० समाजशास्त्राचे, ८ मानववंशशास्त्राचे, ८ पद्धतींचे आणि विषयसूत्राचा बराचसा भाग. मायनर दुसरीकडे घेतलं तरी पाया भक्कम राहतो. एकूण ही पदवी समाजशास्त्राकडे झुकलेली आहे. त्यात वाईट काही नाही, पण अर्ज करताना ते माहीत असावं.

मात्र संशोधन पद्धतीचे फक्त ८ हे मला खटकतं. यावर झरोका यांनी लिहावं, त्यांचा हा विषय आहे.

झरोका:

८ क्रेडिट म्हणजे दोन पेपर, बहुधा एक संख्यात्मक आणि एक गुणात्मक. आंतरविद्याशाखीय पदवीत हे कमीच. समाजशास्त्राचा विद्यार्थी आपल्या विषयाची एक पद्धत वर्षानुवर्षं घोटवतो. इथे विद्यार्थ्याला चार विषयांचे पुरावे वाचायचे असतात. आकडेवारीचा तक्ता, मुलाखत, जुनं दप्तर, नकाशा, प्रत्येकाची विश्वासार्हता वेगळ्या तऱ्हेने तपासावी लागते. १६ क्रेडिट असते तर निर्धास्त सांगितलं असतं. ८ असतील तर कौशल्याच्या ९ मधून भरपाई करता येते का बघा: सांख्यिकी सॉफ्टवेअर, जीआयएस (संगणकावरचे नकाशे), प्रश्नावली तयार करणं असे पेपर तिथे असतात.

पेपरचं नाव 'संशोधन पद्धती' असून आत काय आहे ते वेगळंच निघतं. व्याख्या, प्रकार, गुण-दोष, लघुत्तरी परीक्षा असा आशय असेल तर त्यातून काही येत नाही. मूल्यमापन बघा. अंतर्गत गुणांत खरा डेटा हाताळायचं काम आहे का? सांख्यिकी मंत्रालय नमुना पाहण्यांचा एककस्तरीय (प्रत्येक कुटुंबाचा-व्यक्तीचा सुटा) डेटा मोफत उपलब्ध करून देतं. २०१७ पासून सुरू झालेली पीएलएफएस ही श्रमबलाची पाहणीही त्यात आहे. ती फाईल उघडून, प्रत्येक कुटुंबाला दिलेला भार लावून, स्त्रियांचा श्रम सहभाग काढून दाखवा, असं गृहपाठात असेल तर तो पेपर चांगला. भार न लावता थेट सरासरी काढली तर उत्तर चुकतं, कारण नमुन्यातलं प्रत्येक कुटुंब सारख्याच संख्येच्या कुटुंबांचं प्रतिनिधित्व करत नाही. ही चूक पदव्युत्तर प्रबंधांतही सापडते. पदवीलाच ती करायची सवय मोडली तर पुढचा रस्ता सोपा होतो.

क्षेत्रकार्याचंही गणित करून बघा. ४ क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट म्हणजे १२० तास. एका तासाच्या मुलाखतीचं लिप्यंतर करायला नवख्याला चार-पाच तास लागतात, बोली ओळखीची नसेल तर जास्तच. प्रवास न धरता एका मुलाखतीमागे सहा तास गेले. दहा मुलाखतींतच ६० तास संपले; उरलेल्या ६० मध्ये पूर्वतयारीचं वाचन, प्रश्नसूची, संमतिपत्र, विश्लेषण आणि अहवाल. त्यामुळे कुठलं पत्रक 'प्रत्येक विद्यार्थी ५० मुलाखती घेतो' म्हणत असेल तर एकतर त्या मुलाखती नसून दहा मिनिटांची प्रश्नावली आहे किंवा लिप्यंतर होतच नाही.

कितव्या सत्रात क्षेत्रकार्य आहे हेही पाहावं. नदीकाठ यांचंच उदाहरण घेतो. ऊसतोड मजूर पाचव्या सत्राच्या सुरुवातीला, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, गावी असतात. उचल कधी घेतली, कशासाठी घेतली, घरात मागे कोण राहतं हे तेव्हा गावात विचारता येतं. सहाव्या सत्रात ते फडात (उसाच्या शेतात) आणि कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) असतात. कामाचे तास, पाणी, मुलांची शाळा हे तिथेच दिसतं. दोन सत्रांत विभागलेलं २ + २ क्रेडिटचं क्षेत्रकार्य एका सत्रात कोंबलेल्या ४ पेक्षा अशा विषयाला कितीतरी बरं. शिवाय विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी नैतिकता समिती किंवा निदान लेखी संमतीची पद्धत आहे का, हे विचारा. लोकांच्या घरात जाऊन त्यांच्या कर्जाबद्दल विचारायचं असतं. ते कसं विचारायचं आणि नावं कशी झाकायची हे शिकवल्याशिवाय विद्यार्थ्यांना पाठवणं योग्य नाही.

गणिताबद्दल. समाजशास्त्र-मानववंशशास्त्राकडे जायचं असेल तर बारावीचं गणित नसल्याने अडत नाही. टक्का आणि टक्केबिंदू यांतला फरक, सरासरी आणि मध्यक कधी वापरायचा, आलेखाच्या रेषेचा उतार, बेरजेचं सिग्मा चिन्ह, संभाव्यतेची मूळ कल्पना, एवढं पहिल्या सत्राआधी पक्कं केलं तर सांख्यिकीचा पेपर जमतो. स्प्रेडशीटवर हात बसवा, मग आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरवर. ते मोफत आहे, विभागाच्या परवान्यावर अवलंबून राहावं लागत नाही. पण तुम्ही अर्थशास्त्र म्हणताय. तिथे विकलन (डिफरन्सिएशन), मर्यादेसह कमाल-किमान मूल्यं आणि आव्यूह (मॅट्रिक्स) यांच्याशिवाय प्रवेशपरीक्षाच सुटत नाही. अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकांतले तेवढे धडे पहिल्या वर्षात स्वतः पुरे करा आणि तिसऱ्या सत्रात गणितीय अर्थशास्त्र घ्या. हे पाचव्या सत्रावर ढकललं की अर्थमितीत दमछाक होते.

वेशीवर:

दर्जाचा प्रश्न राहिला, तो मी घेते.

सगळ्यात आधी मान्यता. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. जाहिरातीतल्या शिक्क्यावर जाऊ नका. खासगी आणि राज्य विद्यापीठं कलम २(फ) खाली, अभिमत असेल तर कलम ३ खाली. नॅकची (दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) श्रेणी संस्थेला मिळते, या पदवीला नाही. जुन्या रसायनशास्त्र विभागामुळे मिळालेली श्रेणी नव्या सामाजिक शास्त्रांबद्दल काही सांगत नाही.

मग अभ्यासक्रम कुठवर मंजूर झालाय ते विचारा. नव्या पदवीत अनेकदा पहिल्या वर्षाचाच तपशील अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेतून मंजूर असतो, पुढचा 'यथावकाश' येतो. चारही वर्षांची रचना मंजूर आणि निदान चार सत्रांचा तपशील प्रसिद्ध असेल तर चालेल. विद्या परिषदेचं इतिवृत्त संकेतस्थळावर असतं, ठरावाचा क्रमांकही त्यात सापडतो.

शिक्षकांची यादी मिळवा आणि तीन गट पाडा: या पदवीसाठी नेमलेले पूर्णवेळ, दुसऱ्या विभागातून येणारे, आणि तासिका तत्त्वावरचे. तासिका तत्त्वावरचे शिक्षक उत्तम शिकवतात, त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण त्यांना तासावर मानधन मिळतं. प्रबंधाचा मसुदा वाचणं, क्षेत्रकार्याला सोबत जाणं, शिफारसपत्र लिहिणं याचा मोबदला त्यात नसतो, आणि पुढच्या वर्षी तेच असतील याची खात्री नसते. निदान तीन पूर्णवेळ शिक्षक, तेही तीन वेगळ्या विषयांतले, नसतील तर दोनदा विचार करा.

चौथ्या वर्षासाठी हे विशेष महत्त्वाचं. 'संशोधनासह ऑनर्स' घ्यायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. नाही मिळाले तर प्रकल्पाऐवजी १२ क्रेडिटचे तीन पेपर करून साधं ऑनर्स घेता येतं. संशोधनाचं चौथं वर्ष चालवणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले निदान दोन कायम प्राध्यापक असावेत, अशी यूजीसीची सूचना आहे. नव्या विभागात ते आजच आहेत का? नसतील तर चौथ्या वर्षापर्यंत कुठून येणार? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी देणार?

शिष्यवृत्ती घेणार असाल तर आणखी एक. अभ्यासक्रम महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर) त्या महाविद्यालयाच्या नावाखाली नोंदलेला हवा. नव्या पदवीची नोंद व्हायला उशीर होतो आणि अर्ज भरताना यादीत अभ्यासक्रमच दिसत नाही. प्रवेशाची फी भरण्याआधी समाजकल्याणचं काम बघणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्याला हे विचारा. प्राध्यापकांना सहसा माहीत नसतं.

पिंपळपान:

माझं मत जरा वेगळं आहे. पदवीला एकच विषय नीट करावा आणि आंतरविद्याशाखीय काम एम.ए.ला किंवा त्यापुढे करावं. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, पण ते मुळात अर्थशास्त्रज्ञ. इरावती कर्वे यांनी नातेसंबंध, जात, पुरातत्त्व, सगळीकडे संचार केला. त्यामागे समाजशास्त्राचं एम.ए. आणि बर्लिनची मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट होती. एका शास्त्रात पुरावा कशाला म्हणतात हे अंगात मुरल्याशिवाय दुसऱ्या शास्त्राशी वाद घालता येत नाही. अठराव्या वर्षी चार शास्त्रांचा परिचय करून घेतला तर चारही वरवरची राहण्याचा धोका आहे.

नदीकाठ:

पिंपळपान यांचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच मायनरवर इतका भर दिला. पण एकाच विषयाच्या बी.ए.ची दुसरी बाजूही आहे: अनेक महाविद्यालयांत अर्थशास्त्राचा विद्यार्थी तीन वर्षांत एकदाही गावात किंवा वस्तीत जाऊन माणसांशी बोलत नाही आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी एकही डेटा फाईल उघडत नाही. ती सवय नंतर लागणं अवघड असतं. निवड करायची तर अशी: ज्यांना एम.ए.चा विषय आत्ताच ठामपणे माहीत आहे आणि तो अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र आहे, त्यांनी एकच मेजर घ्यावं, कारण या दोन्हींत पेपर एकावर एक रचलेले असतात, मधली पायरी चुकली की वरची चढता येत नाही. ज्यांना धोरण, विकास, पत्रकारिता, संस्थांमधलं संशोधन किंवा समाजशास्त्राकडे जायचंय, त्यांना चांगली बांधलेली आंतरविद्याशाखीय पदवी जास्त देईल.

अबोली, तुमच्या बाबतीत मायनरच्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं होकारार्थी आली तर अर्ज करा. नाही आली तर अर्थशास्त्र मेजर आणि समाजशास्त्र मायनर अशी जोडी दुसऱ्या ठिकाणी शोधा. दोन्हीकडे अर्ज भरून ठेवा. आणि एक वर्ष काढून बदलायचंच ठरलं तर ४० क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (मिळवलेल्या क्रेडिटच्या राष्ट्रीय डिजिटल खात्यात) जमा होतात, सात वर्षं ग्राह्य राहतात. पण नवं विद्यापीठ त्यातले कुठले पेपर मेजरमध्ये धरेल हे त्याच्या समकक्षता समितीवर असतं. समाजशास्त्राचे २० क्रेडिट अर्थशास्त्राच्या मेजरमध्ये कुणी धरणार नाही.

झरोका:

निवेदनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ५०० शब्दांत आत्मचरित्र बसत नाही आणि कुणाला ते नकोही असतं. 'मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे' हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात येतं, त्यावरून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही.

एक प्रश्न घ्या, लहान आणि ठोस. उदाहरणार्थ: तालुक्याच्या गावात मुलींची बारावीची पटसंख्या चांगली असूनही त्याच मुली चार वर्षांनी नोकरीत का दिसत नाहीत? १०० ते १२० शब्दांत प्रश्न मांडा. मग २०० शब्दांत हा प्रश्न दोन शास्त्रं कसा वेगळा बघतील ते लिहा: अर्थशास्त्र जवळपास उपलब्ध असलेल्या कामाकडे आणि मजुरीकडे बघेल, समाजशास्त्र लग्नाचं वय, प्रवासाची परवानगी, घरकामाची वाटणी यांकडे. दोघांची उत्तरं कुठे जुळत नाहीत ते एका वाक्यात तरी सांगा. निवड समिती हेच शोधत असते. पुढचे १०० शब्द पुराव्यावर: कोणती आकडेवारी बघाल, कुणाशी बोलाल, आणि त्यातून काय कळणार नाही. उरलेल्यात या पदवीतला नेमका कोणता पेपर तुम्हाला हवाय आणि का.

तो पेपर लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा. तो कितव्या सत्रात आहे, आणि अनिवार्य आहे की ऐच्छिक. ऐच्छिक पेपर चालवायला किमान विद्यार्थीसंख्या लागते आणि पहिल्या तुकडीत ती भरतेच असं नाही. अर्जासाठी लिंगभावाचा पेपर निवडला आणि तो तुमच्या वर्षी उघडलाच नाही तर चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाची तयारीच अडते. तेव्हा विषयसूत्राचे चारही पेपर सगळ्यांना आहेत की चारांतून निवडायचे आहेत, हे त्याच ईमेलमध्ये चौथा प्रश्न म्हणून घाला.